ओसाकाची रताळी, सोलापूरची चादर

आमच्या घरात सकाळी दोन आवाज एकाच वेळी व्हायचे. आई भाकरी थापायची तो, आणि आप्पा माईक तपासायचे तो. आप्पा "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग" असं कधीच म्हणायचे नाहीत. ते म्हणायचे, "शोभाची आई, चटणीत मीठ हाय का?" अँप्लिफायरचा आवाज बारीक ठेवलेला असला तरी आजूबाजूच्या घरांना आमच्या शेंगाचटणीची चौकशी ऐकू जायची. आई मान वर न करता म्हणायची, "हाय की. तुमच्या बोलण्यात न्हाय तेवढंच." मग शेजारच्या घरातून कुणीतरी हसायचं, आप्पा समाधानाने माईकचं बटण बंद करायचे आणि जेवायला बसायचे. भाकरी, चटणी, कांदा आणि दही. हे सगळं मी आजही जेवते, पण माईकशिवाय.

मी याद्या करणारी बाई आहे. घरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या असतात, प्रवासाला निघताना दाराला यादी लटकते. या प्रकरणासाठीही एक यादी केली होती: घर, जेवण, आवाज, माणसं, जपानी, चादर. पहिल्याच मुद्द्याला बसले आणि उरलेले सगळे त्यातच घुसले, म्हणून ती यादी बाजूला ठेवली आहे. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं.

आप्पा रिक्षातून अलाउन्सिंग करायचे. रिक्षाच्या टपावर कर्णा, मागच्या सीटखाली बॅटरी, हातात माईक, आणि पुढे हँडलवर रसूलचाचा. दुकानाचं उद्घाटन, साड्यांचा सेल, डोळे तपासणीचं शिबिर, हरवलेलं पोर, नळाला पाणी न येण्याची सूचना, सगळं आमच्या रिक्षातून गावाला कळायचं. आमच्या गावात हे काम सोपं नाही. एका गल्लीत मराठी, पुढच्या गल्लीत तेलुगू, कोपऱ्यावर वळलं की दखनी, आणि अक्कलकोटच्या रस्त्याला लागलं की कानडी. आप्पांना चारही भाषा यायच्या असं नाही. चारही भाषांत हसवता यायचं. गल्ली बदलली की ते पहिलं वाक्य बदलायचे, आणि ते वाक्य गल्लीतल्या कुणाला तरी उद्देशून असायचं. "काय सावित्रीबाई, पापड वाळले का? वाळेपर्यंत ऐका मग." बाई लाजून आत जायच्या आणि खिडकीतून पुढचं सगळं ऐकायच्या. कॅसेट लावून हिंडणाऱ्या लोकांना आप्पा शिळी भाकरी म्हणायचे. "शिळी भाकरी पोट भरती," ते म्हणायचे, "पन कुणी हाका मारून बोलावत न्हाय तिच्याकडं."

जाहिरातीची ओळ आधी आईपुढे म्हणायची अशी घरात पद्धत होती. आईचा हात परातीत चालू राहिला की ओळ नापास. हात थांबला की पास. आई तोंडाने कधी काही बोलायची नाही. आप्पा हाताकडे बघायचे आणि मी आप्पांकडे.

जपानी भाषा आमच्या घरात आली ती याच रिक्षातून. वैद्यबाई म्हणून एक बाई जुळे सोलापुरात, म्हणजे शहराच्या नव्या वसाहतीत, राहायला आल्या होत्या. त्यांचे यजमान सुताच्या व्यापारात होते, त्या निमित्ताने दोघांचं अर्धं आयुष्य ओसाकात गेलं. यजमान वारल्यावर बाई परत आल्या आणि त्यांनी फ्लॅटच्या हॉलमध्ये जपानी शिकवायचं ठरवलं. इथून टॉवेल परदेशी जातात, कुणीतरी शिकायला येईलच, असा त्यांचा हिशोब. जाहिरातीसाठी त्यांनी आप्पांना बोलावलं. आप्पा दिवसभर "जपानी शिका, जपानी शिका" म्हणत फिरले. लोकांना वाटलं, जपानी शिलाई मशीन आलं आहे. चौकशीला सगळे शिंपी आले. शेवटी आप्पांनाच वाईट वाटलं. "बाईंचा वर्ग मोकळा जायला नगं," म्हणून त्यांनी मला पाठवलं. जाहिरातीला लागलेलं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे जाहिरात करणाऱ्याचीच मुलगी.

तेव्हा मी नुकती कॉलेजात जायला लागले होते. बाईंच्या हॉलमध्ये एक पत्र्याची पेटी होती आणि त्यात दागिने नव्हते, कपडे नव्हते, सगळ्या जाहिराती होत्या. काडेपेट्यांची झाकणं, रस्त्यात फुकट वाटतात त्या कागदी रुमालांची पाकिटं, दुकानांच्या पिशव्या, नव्या वर्षाला गिऱ्हाइकांना देतात ते पातळ टॉवेल. बाई म्हणायच्या, "व्याकरण पुस्तकात आहे, माणसं या पेटीत आहेत." प्रत्येक तासाच्या शेवटी त्या पेटीतली एक वस्तू काढायच्या आणि तिच्यावरचा विनोद समजावायच्या. समजावताना स्वतःच इतक्या हसायच्या की आम्हाला विनोद कळायच्या आधी हसू यायचं.

जुन्या काळी तिकडे सार्वजनिक न्हाणीघरांवर धनुष्यबाणाची पाटी असायची. का, तर बाण मारणं या अर्थाचे शब्द आणि गरम पाण्यात उतरणं या अर्थाचे शब्द कानाला जवळजवळ सारखे लागतात. ज्याला वाचता येत नाही त्यालाही पाटी बघून कळायचं, आणि कळल्यावर अंघोळीआधीच जरा हसू यायचं. आकड्यांचंही तसंच. दोनला 'नि' आणि नऊला 'कु' म्हणता येतं, आणि 'निकु' म्हणजे मांस. म्हणून तिकडचे खाटीक दर एकोणतीस तारखेला खास विक्री ठेवतात. हे मी रसूलचाचांना सांगितलं तर ते म्हणाले, "हमारे मोहल्ले में तो रोज उनतीस तारीख है, बेटी." 'फुतोन गा फुत्तोन्दा' म्हणजे गादी उडून गेली, हे तिकडच्या लहान पोरांचं आवडतं वाक्य. मी ते घरी पाठ करत असताना आईने पकडलं, आणि पुढे कितीतरी दिवस अंथरूण न काढता कुणी उठलं की आई ओरडायची, "काढा ते फुत्तोन्दा!" आज मी घरी बसून जपानी टॉवेलांच्या वेष्टनांवरचा मजकूर मराठी-इंग्रजीत आणते, तेच माझं पोटापाण्याचं काम आहे. पण जपानी शब्द इतक्या बिनधास्तपणे वापरणारं माणूस आईसारखं दुसरं भेटलं नाही.

आप्पांना मात्र यातली एकच गोष्ट मनापासून आवडली, ती रताळ्यांची. तिकडे 'कुरी' नावाचं एक डोंगरी फळ असतं, भाजून खातात, लोकांच्या फार आवडीचं. आणि 'कु री' म्हटलं तर नऊ री. री म्हणजे आपल्या कोसासारखं अंतराचं जुनं माप. तर भाजलेली रताळी विकणाऱ्या एकाने दुकानावर पाटी लावली: साडेआठ री. म्हणजे नऊला थोडं कमी. माझं रताळं त्या फळाच्या जवळ येतं, पण पुरतं येत नाही बरं का. पुढे दुसऱ्या एका शहाण्याने आकड्यांचा आणखी खेळ करून आपली रताळी तेरा री ठरवली, म्हणजे फळापेक्षा गोड. पण आप्पा तेरावाल्यावर खूश नव्हते. "तेरा म्हननारे आपल्याकडं पैशाला पासरी हायत. भव्य, दिव्य, एकमेव! साडेआठ म्हननारा एक दाखव." आणि ते एकटेच मान हलवत राहिले. "आपल्याच मालाला साडेआठ म्हनला की! लई धीराचा गडी."

त्याच वर्षी थंडीच्या तोंडाला आप्पांचा घसा गेला. आधी घोगरा, मग नुसती हवा. मोठ्या दवाखान्यात घशातली गाठ काढली, साधीच निघाली, पण डॉक्टरांनी सांगितलं की बरेच दिवस बोलायचं नाही, कुजबुजायचंही नाही, आणि माईक तर थंडी संपेपर्यंत हातात घ्यायचा नाही. नेमका चादरींचा हंगाम. आमच्या घराचं वर्ष त्या एका हंगामावर चालायचं: बसण्णा मालकांच्या दुकानाचा हिवाळी सेल. बसण्णा मालक भेटायला आले, मोसंबी ठेवली, आणि अवघडून म्हणाले, "आप्पा, माझा जीव तुमच्यावर आहे. पण सेल तर थांबत नाही. तो टेंपोवाला येऊन गेलाय, एकोची मशीन आहे त्याच्याकडं. 'सेल' म्हटलं की 'सेल, सेल, सेल' वाजतंय." आप्पा काही बोलू शकत नव्हते. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. बसण्णा मालक मला आपादमस्तक बघत म्हणाले, "ही? पोरगी बोलणार रिक्षात?" आई आतून म्हणाली, "घरात तर बोलती. रिक्षात न बोलायला काय झालं?" मालक म्हणाले, बघू, पहिला दिवस बघू. त्या पहिल्या दिवसावर आमचं काम टिकणार की टेंपोत जाणार हे ठरायचं होतं, आणि ते घरात प्रत्येकाला कळलं होतं. आप्पा त्या रात्री जेवले नाहीत.

मी कामाला लागले, म्हणजे यादी केली. गल्ल्या, भाषा, वेळा. आणि मग ओळ. मला आप्पांसारखं सावित्रीबाईंच्या पापडांवरून बोलता येणार नव्हतं. मला येत होती ती रताळी. म्हणून मी साडेआठ रीचं मराठी केलं. आईपुढे उभी राहून म्हटलं:

"सोळा आणे आईची कूस, पंधरा आणे आमची चादर!"

आईचा हात परातीत थांबला. पीठ लागलेल्या हाताने तिने डोळ्याचा कोपरा पुसला. ओळ पास. आप्पांनी मात्र हाताचा पंजा हवेत डावा-उजवा हलवला, म्हणजे ठीक आहे, पण थांब. कशाला थांब ते त्यांना सांगता येत नव्हतं आणि मला थांबायचं नव्हतं.

सकाळी आम्ही जुळे सोलापूरपासून सुरुवात केली. माझा आवाज कर्ण्यातून पहिल्यांदा बाहेर पडला तेव्हा मीच दचकले. कुणीतरी परकी बाई रिक्षाच्या टपावर बसून माझी ओळ म्हणते आहे असं वाटलं. पण ओळ चालली. नोकरदार घरांतल्या बायका गॅलऱ्यांत आल्या. एकीने वरून विचारलं, "उरलेला एक आणा कुठे मिळतो गं?" मी म्हटलं, "माहेरी!" ती इतकी हसली की तिच्या हातातला चिमटा खाली पडला. रसूलचाचा मागे वळून म्हणाले, "हौ बेटी, जम गया." नव्या पेठेतही जमलं. मी मनात टेंपोवाल्याला परत पाठवलं, आप्पांना जेवायला बसवलं, सगळं करून टाकलं.

दुपारी पूर्वभागात शिरलो. हा विणकरांचा भाग. घरोघर माग, आणि मागांचा खटखटाट इतका एकसारखा की तिथे वाढलेल्या माणसाला शांतता हीच गडबड वाटते. आमचं घर तिथून पलीकडच्या बोळात. मी लहान असताना आई कामाला जाताना मला नरसम्माकडे ठेवायची. नरसम्मा आणि तिचा नवरा बसण्णा मालकांसाठी चादरी विणायचे, त्या गल्लीतली बहुतेक घरं विणायची. मी तेलुगूत पहिलं वाक्य म्हटलं, मग माझी ओळ. दुसऱ्यांदा म्हटली. तिसऱ्यांदा म्हणेपर्यंत एक माग थांबला. मग शेजारचा. मग पलीकडचा. सोलापुरात भरदुपारी माग थांबतात तेव्हा एकतर लाईट गेलेली असते, नाहीतर काहीतरी झालेलं असतं. लाईट गेलेली नव्हती.

नरसम्मा दारात आली. केसांत सुताचे तुकडे, पदर खोचलेला.

"एमे शोभी! खाली उतर."

मी उतरले. "काय झालं, नरसम्मा?"

"ओक अणा येक्कड पोयिंदे?" आणि मला समजलं नसेल असं वाटून पुन्हा मराठीत, "एक आणा कुटं गेला?"

"अहो, ती जाहिरात आहे. गंमत."

"चादर कुणाची?"

"बसण्णा मालकांची."

"बसण्णानं विणली? त्याला मागाचा धोटा कुठल्या हातात धरत्यात ते तरी ठाऊक हाय का?"

मागून एक बाई म्हणाली, "कॉलेजात आणे शिकवत्यात जणू आता." दुसरी म्हणाली, "आमच्या कामात खोट काढती आन् भोंगा लावून सांगती." रसूलचाचा हात जोडून पुढे झाले, "अम्मा, बच्ची है, नक्को गुस्सा करो." नरसम्मा त्यांच्यावर फिरली, "तू गप रे रसूल. गावभर हिला तूच हिंडवली." चाचा म्हणाले, "मैं तो खाली गाड़ी चलातूं, अम्मा," आणि रिक्षाच्या मागे जाऊन उभे राहिले.

तेव्हा मला आप्पांचा हलणारा पंजा कळला. तिकडचा रताळीवाला स्वतः भाजलेल्या रताळ्यांना साडेआठ म्हणत होता. त्याला तो हक्क होता. मी दुसऱ्यांनी विणलेल्या चादरीला पंधरा आणे म्हणत होते. आणि आमच्या गावात माल घेणारे आणि माल विणणारे एकाच कर्ण्याखाली राहतात. जुळे सोलापुरात जी ओळ गंमत होती, तीच पूर्वभागात चारचौघांत केलेला अपमान होता. कामाला बसले की आजही मी मजकुराच्या आधी एक प्रश्न विचारते: हे ऐकणार कोण कोण आहे? पण त्या दुपारी तो प्रश्न मी विचारला नव्हता. नरसम्मा म्हणाली, "बसण्णाला सांग, पंधरा आण्याचा माल आमी विणत न्हाय. आजच्या चादरी जायच्या न्हाईत." आणि गल्लीने माना डोलावल्या.

कुणीतरी सायकलवर गेलं आणि बसण्णा मालकांना घेऊन आलं. ते स्कूटरवरून उतरतानाच ओरडत होते. "एनव्वा इदु! काय गं हे! पैसे देऊन माझ्याच मालाची बदनामी? अन् वर माल बंद?" तेवढ्यात आमच्या बोळातून आप्पा आले. मफलर गुंडाळलेला, पायात आईच्या चपला. बसण्णा मालक त्यांना म्हणाले, "आप्पा, उद्यापासून टेंपो येईल. मला दोष देऊ नका." आप्पांनी तोंड उघडलं. ज्या माणसाचा आवाज त्या दगडी भिंतींना पाठ होता, तो माणूस तोंड उघडून उभा होता आणि आवाज नव्हता. मी घाबरून म्हटलं, "आप्पा, नका." त्यांनी तोंड मिटलं. माझ्या हातातला माईक घेतला, मफलरच्या टोकाने पुसला, आणि नरसम्माच्या हातात दिला.

"मला काय देता?" नरसम्मा म्हणाली, आणि ते कर्ण्यातून दुप्पट होऊन बाहेर पडलं. ती एक पाऊल मागे सरली. पोरं हसली. आप्पांनी हाताने सांगितलं, बोला. तुम्हीच बोला.

नरसम्माने माईक भाकरीच्या उंड्यासारखा दोन्ही हातांत धरला. आधी तेलुगूत काहीतरी पुटपुटली, मग एकदम मराठीत सुरू झाली. "ऐका. ही आप्पाची पोर. ल्हानपणी माझ्या मागापाशी झोपायची. खटखट थांबली की रडत उठायची. आता ती मला आणे शिकवती." लोक पुढे सरकले. "ती म्हनती, आईची कूस सोळा आणे. बरं. कबूल. आई कोन? मी. माझ्या कुशीत चार पोरं वाढली, आन् हीबी झोपली, पाचवी. चादर कुणी विणली? मीच. आई तीच, हात त्येच. मग शोभे, चादर पंधरा आणे कशी झाली गं? एक आणा तू खाल्ला, का बसण्णानं?"

गल्ली फुटली. मागांच्या घरांतून, गच्चीवरून, चहाच्या टपरीवरून हसू आलं. आणि नरसम्माने उत्तरासाठी माईक सरळ बसण्णा मालकांच्या तोंडासमोर धरला. ते दचकून बोलून गेले, "मी नाही खाल्ला, बाई!" हे सगळ्या पूर्वभागाने ऐकलं. मग तर त्यांनाही हसू आवरेना. ते स्कूटरला टेकून डोळे पुसायला लागले. मी माईकपाशी तोंड नेऊन म्हटलं, "मीही नाही खाल्ला. सोळा आणे, नरसम्मा. सोळा आणे." ती म्हणाली, "आत्ता बोललीस," आणि माईक मला परत देऊन, जसं काही झालंच नाही तशी, मागाकडे गेली. खटखट सुरू झाली. मग शेजारची. मग पलीकडची.

बसण्णा मालक व्यापारी माणूस. हसणं संपलं तसं ते आप्पांजवळ आले. "ही बाई रोज रिक्षात बसेल का?" आतून आवाज आला, "मागावर कोन बसनार, तू?" मालक हिरमुसले. पण आप्पांनी हाताने चौकोन काढून दाखवला, दोन बोटं गोल फिरवली. कॅसेट. शिळ्या भाकरीचा तो शत्रू माणूस स्वतः घरी जाऊन टेपरेकॉर्डर घेऊन आला. नरसम्माला तीच सगळी तक्रार पुन्हा करायला लावली, आणि ती सुरू होण्याआधी तिचा नवरा शांतता व्हावी म्हणून माग थांबवायला गेला, तर आप्पांनी त्याचा हात धरला. माग चालू राहू दे. कॅसेटवर तिच्या प्रत्येक वाक्यामागे तो खटखटाट आहे. टेंपोवाल्याचं नाव मालकांनी नंतर काढलं नाही.

बाईंच्या पुढच्या तासाला मी हे सांगितलं तेव्हा त्या पेटी उघडायची विसरल्या. "अगं, तू अर्धाच विनोद नेला होतास इथून," त्या म्हणाल्या. "ओसाकात विनोदाला दोन माणसं लागतात. एक असतो 'बोके', तो वेड्यासारखं काहीतरी बोलतो. दुसरा असतो 'त्सुक्कोमी', तो त्याला जागच्या जागी झापतो. झापणारा चांगला असेल तरच लोक हसतात. तिकडच्या निम्म्या जाहिराती अशाच असतात. तुला झापणारी चांगली मिळाली." मग म्हणाल्या, "मला एकदा घेऊन चल त्यांच्याकडे." मी घेऊन गेले. एकीला तेलुगू येत नव्हतं, दुसरीला जपानी, पण मराठीत दोघी माझ्यावर एकाच वेळी हसत होत्या. नरसम्माने बाईंना ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी वाढली, आणि बाईंनी चटणीचा पहिला घास घेऊन जे जपानी उद्गार काढले, ते मी आजवर कुठल्याही जाहिरातीत वाचलेले नाहीत.

तो हंगाम आम्ही तसा केला. मी रिक्षात बसून जिवंत आवाजात चूक करायची, "पंधरा आणे आमची चादर," आणि रसूलचाचा बटण दाबायचे. "एमे शोभी! एक आणा कुटं गेला?" गावातल्या प्रत्येक गल्लीत, चार भाषांच्या गावात, मला रोज झापलं जात होतं, आणि पोरं रिक्षामागे धावत ते झापणं पाठ म्हणत होती. बाजारात अनोळखी बाया मला थांबवून विचारायच्या, "मिळाला का आणा?" मला कधी वाईट वाटलं नाही. अशा झापण्यावर माझं कॉलेज झालं, जपानीच्या परीक्षा झाल्या, पुढचं सगळं झालं. आभार कुणाकुणाचे मानायचे याची यादी करायला घेतली तर पहिलं नाव मला सुचवावं लागत नाही; ते ओरडत येतं.

थंडी ओसरली तेव्हा आप्पांना बोलायची परवानगी मिळाली. आवाज परत आला, पण बारीक, खाली गेलेला, पायवाटेसारखा. बसण्णा मालक मिठाई घेऊन आले. "आप्पा, आता पुढच्या सेलला तुमीच. तुमची जागा तुमची." आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत होतो. आईने परातीतला हात थांबवला होता. आप्पांनी पाण्याचा घोट घेतला आणि त्या नव्या आवाजात, घराबाहेरच्या माणसाशी पहिल्यांदाच, म्हणाले, "मालक, त्या दोघींच्या भांडनात मला कुटं घुसवता?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रिक्षात बसले तर आप्पा आधीच पुढे, रसूलचाचांच्या शेजारी, अर्ध्या सीटवर टेकून बसले होते. कर्ण्यासाठी तो आवाज पुरणारा नव्हता, पण शेजारच्या माणसाच्या कानाला पुरत होता. रिक्षा निघाली. मी माईक हातात घेतला आणि समोरून आप्पांचं बोलणं ऐकलं.

"डावीकडं घे, रसूल. आन् शोभे, हितं जरा हळू. रातपाळीची मानसं झोपल्यात."

मी आवाज कमी केला.